मैदानावर घेतलेला आक्षेप बातमीत का आला नाही?

पत्र थोडक्यात : यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली ही २१ वर्षांची वाचक अमरावतीला राहून पत्रकारिता शिकते आहे. शाळेत असताना ती कबड्डीत विभागीय स्पर्धेपर्यंत खेळली. पुढे गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि खेळ सुटला. आता तिला क्रीडा पत्रकार व्हायचं आहे, पण शिकायला लागल्यापासून शंका वाढल्या आहेत. प्राध्यापक म्हणतात, तुझ्या बातमीत विशेषणं फार आणि खेळ कमी. तिला वाटतं, खरा खेळ पुण्या-मुंबईत, आपल्याकडे काय आहे? समोर तीन वाटा आहेत. एका जिल्हा दैनिकाने तालुका वार्ताहर हो म्हणून विचारलं आहे, पण जाहिराती आणण्याच्या अटीवर. पुण्यातल्या एका क्रीडा संकेतस्थळाने सहा महिन्यांची बिनपगारी उमेदवारी देऊ केली आहे. घरच्यांचं म्हणणं आहे, पोलीस भरतीची तयारी कर. पत्राच्या शेवटी तिने आणखी एक गोष्ट सांगितली आहे. गावोगावच्या स्पर्धांपैकी एका स्पर्धेची तिने बातमी केली. त्यात मुलींच्या १७ वर्षांखालील गटात तिच्या जुन्या प्रशिक्षकांचा संघ होता. त्यांच्या एका खेळाडूच्या वयावर समोरच्या संघाने आक्षेप घेतला आणि सामना अर्धा तास थांबला. बातमीत तिने हे लिहिलंच नाही. "सरांचा फोन आला, बातमी छान झाली म्हणाले. ताई, तेव्हापासून मला ती बातमी पाहवत नाही."

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र चार पानांचं आहे आणि त्यातली साडेतीन पानं पुणे, वार्ताहरपद आणि पोलीस भरती यांनी भरली आहेत. आक्षेपाची गोष्ट शेवटच्या अर्ध्या पानात आहे, तीही "जाता जाता सांगते" म्हणत. मी तिथूनच सुरुवात करते. कुठे राहून काम करायचं हे ठरवण्याआधी काम काय आहे हे कळायला हवं, आणि ते तुला त्या संध्याकाळी मैदानाच्या कडेला कळलेलं आहे.

तू लिहितेस, "एक तर सरांना उघडं पाडायचं, नाही तर गप्प बसायचं. मी गप्प बसले." या दोनच वाटा होत्या असं तू धरून चालली आहेस. मला ते पटत नाही. बातमीत तीन वाक्यं पुरली असती. 'संघातील एका खेळाडूच्या वयावर प्रतिस्पर्धी संघाने आक्षेप घेतल्याने सामना सुमारे अर्धा तास थांबला. आयोजन समितीने शाळेच्या दाखल्याची प्रत पाहून आक्षेप फेटाळला. त्यानंतर खेळ पुढे सुरू झाला.' यात कुणावर आरोप नाही, कुणाला शाबासकीही नाही. हे सगळं मैदानाभोवती बसलेल्या साऱ्या गावाने पाहिलं होतं. हरलेल्या संघातल्या मुलींनी दुसऱ्या दिवशी पेपर उघडला असेल तेव्हा त्यांच्या संध्याकाळचा तो अर्धा तास त्यांना कुठेच सापडला नसेल. तुला झोप लागत नाही ती याचमुळे, असं मला वाटतं.

आता दुसरी बाजू. ती मुलगी खरंच वयाने मोठी होती का, हे तुला माहीत नाही. पत्रात तू लिहिलं आहेस की "बघूनच कळत होतं." बघून कळत नाही, गं. एकाच वयाच्या दोन मुलींच्या अंगात केवढा फरक असतो, हे तू स्वतः खेळाडू होतीस म्हणून तुला ठाऊक असणार. दाखल्यावरची तारीख आणि ग्रामपंचायतीतल्या जन्मनोंदीची तारीख जुळत नाही असं आपल्याकडे अजूनही घडतं, आणि दर वेळी त्यामागे लबाडीच असते असंही नाही. म्हणून तुझ्या मनातली शंका बातमीत येणार नाही. मैदानावर उघडपणे घेतलेला आक्षेप मात्र यायलाच हवा. एवढं वेगळं करता आलं की तुझा निम्मा गुंता सुटेल.

गावच्या स्पर्धेत कुणी एक-दोन वर्षांनी मोठी असली तर काय बिघडलं, असं म्हणणारे तुला पुष्कळ भेटतील. गावच्या चषकापुरतं कदाचित फार बिघडत नसेल. पण हेच संघ, याच मुली, याच कागदांवर पुढे १४, १७ आणि १९ वर्षांखालील शालेय स्पर्धांना जातात. तिथल्या प्रमाणपत्राला किंमत आहे. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, आणि सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. म्हणजे खोट्या वयाची एक मुलगी संघात शिरते तेव्हा खऱ्या वयाची दुसरी बाहेर बसते, आणि ती बहुधा शेजारच्याच गावची असते. तिला फोन करून "बातमी छान झाली" म्हणायला कुणी नाही. वयाच्या प्रश्नाकडे या बाहेर बसलेल्या मुलीच्या जागेवरून बघायला शीक. सर चांगले की वाईट, हा प्रश्न मग आपोआप बाजूला पडतो.

समजा, या प्रकरणाचा पाठपुरावा व्हायला हवा असं तुला वाटलं, तरी तो तू करू नकोस. ज्या माणसाने तुला पहाटे पाच वाजता उठवून धावायला लावलं, ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात तुझ्या बाबांबरोबर बसून राहिला, त्याच्याविषयीची चौकशी तुझ्या हातून धड होणार नाही. एक तर तू सांभाळून घेशील, किंवा सांभाळून घेतलं असं कुणी म्हणू नये म्हणून गरजेपेक्षा कठोर होशील. संपादकांना स्पष्ट सांग की हे माझे प्रशिक्षक आहेत, ही बातमी दुसऱ्या कुणाला द्या. असं सांगण्यात कमीपणा नाही. पुढे जो कुणी ही बातमी करेल त्याने प्रश्न विचारायचे ते आयोजकांना, प्रशिक्षकांना आणि शाळेला. मुलीचं नाव छापायचं नाही, फोटो तर अजिबात नाही. सतरा वर्षांखालच्या गटात खेळणाऱ्या पोरीचे कागद मोठ्यांनी केलेले असतात.

सरांबद्दल तुला कधीच लिहिता येणार नाही, असा याचा अर्थ नाही. एका मुलीला मैदानावर यायला घरून परवानगी मिळावी म्हणून तो माणूस किती उंबरे झिजवतो, यावर तू सुंदर लेख लिहू शकशील. तो 'मी' म्हणून लिही, आणि 'ते माझे प्रशिक्षक होते' हे पहिल्याच परिच्छेदात येऊ दे. मग वाचक काय ते समजून घेतो.

आता तुझ्या प्राध्यापकांचा लाल पेन. 'थरारक', 'चुरशीचा', 'अप्रतिम', 'डोळ्यांचे पारणे फेडणारा' या शब्दांभोवती त्यांनी गोल केले, याचं तुला वाईट वाटलं. गोल बरोबर आहेत, फक्त त्यांनी त्यापुढे जाऊन सांगायला हवं होतं की या शब्दांच्या जागी काय यायचं. तिथे यायची ती वेळ, गुणसंख्या आणि निर्णय.

तुझ्या माझ्या ओळखीचंच उदाहरण घेऊ. विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला तो २०२५ च्या मार्चमध्ये, नागपूरजवळच्या जामठ्याला, केरळविरुद्ध. सामना अनिर्णित राहिला. अनिर्णित सामन्यात थरार शोधणाऱ्याला काही सापडणार नाही. पण आकडे बघ. विदर्भाची सुरुवात ३ बाद २४ अशी. तिथून दानिश मालेवारचं दीडशतक आणि करुण नायरची साथ, आणि पहिल्या डावात ३७९. केरळ ३४२. फरक ३७ धावांचा, आणि अंतिम सामना अनिर्णित राहिला की पहिल्या डावातली आघाडी विजेता ठरवते, म्हणून त्या ३७ धावांवर करंडक. केरळचा कर्णधार सचिन बेबी ९८ वर खेळत होता आणि आघाडी त्यांच्या आवाक्यात होती. पार्थ रेखडेच्या चेंडूवर तो उंच फटका मारायला गेला आणि करुण नायरने झेल घेतला. हे नुसतं क्रमाने लिहिलं तरी वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. विशेषण लागतं कुठे? उलट 'थरारक' लिहिलं की तो झेल लिहिण्याची गरजच वाटेनाशी होते, आणि विशेषणाचा खरा तोटा तोच आहे.

कबड्डीत तुला हे जास्त सोपं जाईल. वहीचं पान उभं विभाग. चढाई कितवी, चढाई करणारीचा क्रमांक, समोर किती जणी शिल्लक, काय झालं, गुण किती. एक चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची, त्यामुळे लिहायला वेळ कमी मिळतो. पहिल्या दोन-तीन सामन्यांत हात मागे पडेल. पडू दे. नंतर स्वतःच्या खुणा तयार होतात. सामना संपल्यावर पान वरून खाली वाच आणि एकच गोष्ट शोध : गुणांतला फरक कुठे मोडला. बऱ्याचदा तो लोणावर, म्हणजे समोरचा अख्खा संघ बाद होतो तिथे, मोडतो. कधी तीनच खेळाडू उरलेल्या असताना झालेल्या अव्वल पकडीवर मोडतो. कधी तर चांगल्या चढाईपटूला विश्रांती देण्याच्या निर्णयावर. तुझी बातमी तिथून सुरू झाली पाहिजे. पाहुण्यांची नावं, नारळ, मान्यवरांचं मनोगत हे सगळं शेवटी, तेही जागा उरली तर. आयोजक नाराज होतील हे मला माहीत आहे. आपल्याकडच्या स्पर्धेच्या बातमीत निम्मी ओळ खेळाडूंची आणि दहा ओळी मंचावरच्यांच्या असतात, हे बघून मला आजही वाईट वाटतं. ज्यांनी घाम गाळला त्यांची नावं नीट लिहिणं, बरोबर शुद्धलेखनासह, गावासह, हे तुझं पहिलं कर्तव्य समज. एखाद्या मुलीच्या घरात तो कागद पुढची वीस वर्षं कपाटात राहणार आहे.

खेळाडूशी बोललीस की तिची भाषा तिचीच राहू दे. "मले वाटलं आता खेळणं संपलंच" असं ती म्हणाली असेल, तर 'माझी क्रीडा कारकीर्द संपुष्टात येईल असे वाटले' असं तिच्या तोंडी घालू नकोस. पण एक सांभाळ, वऱ्हाडी बोलणं गंमत म्हणून छापायचं नाही. संपादकाला ते चटपटीत वाटतं आणि मग खेळाडूपेक्षा तिची बोलीच मथळ्यात जाते.

तू विचारतेस, "आपल्याकडे आहे तरी काय?" तू ज्या अमरावतीत खोली घेऊन राहतेस तिथल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची आहे. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. तू खेळलीस त्या कबड्डीच्या इतिहासात या नावाला मोठी जागा आहे. कधी एक दुपार काढून तिथे जा आणि जुन्या प्रशिक्षकांशी बोल. बातमीसाठी लगेच नको, कानासाठी. उमेश यादव खापरखेड्याकडचा, कोळसा खाणीत काम करणाऱ्या बापाचा मुलगा. २०११ मध्ये तो कसोटी खेळला तेव्हा विदर्भाकडून खेळणारा पहिला कसोटीपटू ठरला. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हम्पीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि त्यासरशी ती ग्रँडमास्टर झाली, तेव्हा ती १९ वर्षांची होती. त्या दिवशी ज्याला बुद्धिबळ कळत होतं त्याला लिहायला खूप होतं. ज्याला कळत नव्हतं त्याने पेढे आणि मिरवणूक लिहिली. म्हणून म्हणते, या हिवाळ्यात तुला न येणारा एक खेळ शीक. नियम, गुणपद्धत, डावपेच, सगळं.

आणि ही नावं झाली शिखरावरची. तुझं काम त्याच्या पायथ्याशी आहे, आणि तिथे गर्दी नाही. तुझ्याच भागातला शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत घे. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट थांबले. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा सुधारित कायदा वैध ठरवला. आता पुन्हा तळेगाव दशासरपासून लहान लहान गावांपर्यंत पट भरतात. वर्तमानपत्रात काय येतं? कुणाची जोडी पहिली, किती सेकंदांत, बक्षीस किती आणि कुणाच्या हस्ते. मी वाचक म्हणून विचारते : जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीच्या अटी पाळल्या का? बैलांची पशुवैद्यकाने तपासणी केली तेव्हा किती जोड्या परत पाठवल्या? धुरकऱ्याला, म्हणजे जोडी हाकणाऱ्याला, एका धावेमागे काय मिळतं, आणि पडला तर दवाखान्याचा खर्च कोण करतं? बंदीच्या त्या वर्षांत पटाचे बैल सांभाळणाऱ्यांनी काय केलं? पुण्यात बसून याची उत्तरं मिळत नाहीत. तुला दोन फोनवर मिळतील, कारण त्यातला एक धुरकरी तुझ्या मामाच्या ओळखीचा असेल.

तसंच तालुक्याचं क्रीडा संकुल. तुमच्या तालुक्यातलं कसं आहे, कुलूप आहे की धावपट्टीवर गवत आहे, मला माहीत नाही. तू जाऊन बघ. मग माहितीच्या अधिकारात अर्ज कर. दहा रुपये शुल्क, उत्तराची मुदत तीस दिवस. प्रश्न नेमके विचार : मंजूर निधी किती, खर्च किती आणि कशावर, देखभालीची जबाबदारी कुणाची, गेल्या वर्षभरात संकुल किती दिवस खुलं होतं. 'संकुलाची संपूर्ण माहिती द्यावी' असं मोघम लिहिलंस तर उत्तरही मोघमच येईल. क्रीडा पत्रकाराचं मोठं काम सामना नसलेल्या दिवशी होतं, हे तुझ्या अभ्यासक्रमात ठसवलं जातंय की नाही, कोण जाणे.

मराठीत याला परंपरा आहे. १९६२ मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र टाइम्समध्ये वि. वि. करमरकरांनी खेळाचं पान नावारूपाला आणलं, आणि त्या पानावर क्रिकेटच्या शेजारी कबड्डी, खो-खो, कुस्तीला मानाने बसवलं. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाल्यावर शहरातल्या वाचकालाही चढाई-पकड कळू लागली. तुझा विषय लहान आहे असं आता कुणी म्हणू शकत नाही. इंग्रजीची भीती तू दोनदा लिहिली आहेस. इंग्रजी वाचता आलं पाहिजे, यात सवलत नाही, कारण नियमपुस्तकं आणि महासंघांची परिपत्रकं इंग्रजीत असतात. लिहायचं मात्र मराठीत, आणि त्यात तू कुणापेक्षा मागे नाहीस. पत्र वाचूनच सांगते.

आता तुझ्या तीन वाटा.

वार्ताहरपदाचा प्रस्ताव आहे तसा घेऊ नकोस. मानधन नाममात्र असेल, हे एक वेळ चालेल. जाहिरातीची अट चालणार नाही. तुझ्या तालुक्यात स्पर्धा कोण भरवतं? ज्यांच्या नावाने चषक असतो तेच. दिवाळीला, वर्धापनदिनाला, वाढदिवसाला पानभर जाहिरात कोण देतं? तेच. सोमवारी ज्यांच्या दारात जाहिरातीसाठी बसलीस, त्यांच्या स्पर्धेतला आक्षेप मंगळवारी तू कसा लिहिशील? सरांच्या प्रेमाखातर तीन वाक्यं गाळताना तुला एवढा त्रास झाला, इथे तर दर आठवड्याला तसं होईल आणि हळूहळू त्रास व्हायचा थांबेल. मला त्या थांबण्याची काळजी वाटते. जाहिराती आणणं हे वाईट काम नाही, ते दुसऱ्या माणसाने करायचं काम आहे. म्हणून संपादकांना जाऊन भेट आणि सांग : मी तालुक्यातल्याच नाही, शेजारच्या तालुक्यांतल्याही स्पर्धांच्या बातम्या देईन, नावानिशी, बातमीमागे ठरेल ते मानधन घेईन, जाहिराती मात्र आणणार नाही. ते नाही म्हणण्याची शक्यता बरीच आहे. तरी विचार. खेळाचं पान स्थानिक मजकुराने भरून हवंच असतं, आणि सामन्याला प्रत्यक्ष जाऊन चारशे शब्द वेळेवर देणारं माणूस त्यांनाही सहज मिळत नाही. इथे नाही म्हणाले तर दुसऱ्या दैनिकात विचार.

पुण्याला हो म्हणण्याआधी तीन गोष्टी विचारून घे. मला मैदानावर पाठवाल का? माझं लिखाण माझ्या नावाने जाईल का? ते तपासून, चुका दाखवून परत देणारं कोणी असेल का? तिन्हीला हो आलं तर ही संधी मोलाची आहे. मला भीती आहे ती अशी की तू सहा महिने खुर्चीत बसून परदेशी फुटबॉलच्या इंग्रजी बातम्यांचं मराठी करशील, आणि खोलीचं भाडं व मेसचे पैसे बाबा सोयाबीन विकून पाठवतील. घरची परिस्थिती तू लिहिली आहेस, म्हणून स्पष्ट बोलते : बिनपगारी काम हे ज्यांना परवडतं त्यांच्यासाठी असतं, ते नाकारण्यात जिद्द कमी पडली असं होत नाही. त्यापेक्षा नागपूर जवळ आहे. रणजीच्या मोसमात सिव्हिल लाइन्सच्या किंवा जामठ्याच्या मैदानावर चार दिवस बसून पूर्ण सामना बघ, स्वतःचा धावफलक स्वतः लिही आणि दुसऱ्या दिवशी तीन दैनिकांच्या बातम्या शेजारी ठेवून बघ, कुणी काय पाहिलं. प्रवेशाला बहुतेक वेळा पैसे पडत नाहीत आणि एसटीला महिलांना अर्धं तिकीट आहे. पदवीनंतर पुढे शिकायचं तर अमरावतीत आयआयएमसीचं, म्हणजे भारतीय जनसंचार संस्थेचं, केंद्र आहे, विद्यापीठं अमरावती-नागपूरला आहेत. मराठी पत्रकारितेच्या प्रवेशाची चौकशी आत्ताच करून ठेव.

पोलीस भरतीला मी कमी लेखत नाही. पगार, निवृत्ती, घराला आधार हे खरं आहे, आणि तुझी आई तुझ्या काळजीपोटीच बोलते आहे. पण मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावायचं असतं, गोळा फेकायचा असतो, आणि त्याचे ५० गुण असतात. ज्या गुडघ्यामुळे कबड्डी सुटली त्या गुडघ्यावर हे झेपेल का, हे घरात कुणी डॉक्टरांना विचारलं आहे का? पत्रात तसा उल्लेख नाही. आधी ते विचारा, सगळ्यांनी मिळून, आई-बाबांना बरोबर घेऊन. डॉक्टर हो म्हणाले आणि तुलाही मनातून हवं असेल, तर तयारी कर. पोलिसात गेलीस म्हणून लिहिता येणार नाही असा विचार मनात धरून त्याला त्याग समजू नकोस. डॉक्टर नाही म्हणाले तर घरातला निम्मा वाद तिथेच मिटेल.

माझं मत विचारशील तर, या वर्षी जिथे आहेस तिथेच राहा. दिवाळीनंतर कापूस घरात येतो आणि गावोगावी मैदानं आखली जातात, ती मार्चपर्यंत. हा एक मोसम पूर्ण कर. प्रत्येक बातमीचं कात्रण आणि त्यामागचं वहीचं पान एकत्र ठेव. पुढे कुठेही मुलाखतीला गेलीस तर ही दोन्ही टेबलावर ठेवता येतील.

रात्रीच्या सामन्यांबद्दल आईला वाटणारी भीती खोटी नाही, ती हसून टाळू नकोस. शेवटची एसटी किती वाजता, मुक्काम कुणाकडे, बरोबर कोण, हे आधी ठरवून तिला सांग. मैदानात गुणलेखकाच्या टेबलाशेजारी खुर्ची मागून घे. तिथून खेळही नीट दिसतो आणि तू कोण आहेस हे आयोजकांना आपोआप कळतं. तू मुलगी आहेस म्हणून खेळणाऱ्या मुली तुला अशा गोष्टी सांगतील ज्या दुसऱ्या कुणाला सांगणार नाहीत. कपडे बदलायला आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत काय हाल होतात, बसभाडं कोण देतं, हे सगळं लिहिण्यासारखं आहे. आणि एखादी अल्पवयीन मुलगी कुणा मोठ्या माणसाच्या वागण्याबद्दल काही सांगू लागली तर वही मिटव. तिथे बातमी दुसऱ्या क्रमांकावर जाते. तिला एकटं सोडू नकोस, १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर कळव, आणि लक्षात ठेव की मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याने तिची ओळख उघड होईल असं काहीही, गावाचं किंवा शाळेचं नावसुद्धा, छापता येत नाही.

राहता राहिले सर. त्या जुन्या बातमीबद्दल संपादकांना सांग की आक्षेपाचा उल्लेख राहिला होता. ते आता दुरुस्ती छापतील की नाही हा त्यांचा निर्णय, पण त्यांना कळलं पाहिजे. सरांना मात्र पुढच्या स्पर्धेआधी स्वतः जाऊन भेट. फोनवर नको. सांग, "सर, त्या दिवशी आक्षेप घेतला गेला ते मी लिहायला हवं होतं. पुढच्या वेळी असं काही झालं तर मी लिहीन, आणि तुमचं म्हणणंही त्यात घेईन." ते रागावतील. काही महिने बोलणारही नाहीत कदाचित. तरी मुलींचे मूळ दाखले त्यांनी स्पर्धेला बरोबर आणावेत, झेरॉक्स नको, एवढं त्यांना त्याच भेटीत सुचव. आक्षेप आला तर मैदानातच मिटेल आणि त्या मुलीला सगळ्या गावासमोर अर्धा तास मान खाली घालून उभं राहावं लागणार नाही.